माथ्यावर कधी पोहोचायचं? छोट्या डोंगरवाटेचं नियोजन, चढ, देखावा आणि उतार

छोटी डोंगरवाट म्हणजे येऊन-जाऊन साधारण तीन ते आठ किलोमीटर अंतर, दोनशे ते पाचशे मीटर चढ, आणि वर कड्याशी किंवा धारेवर एखादी मोकळी जागा, जिथून खालचा सगळा मुलूख नजरेत येतो. अर्ध्या दिवसाचं काम. वाट लहान असल्यामुळे तयारीही जुजबी होते, आणि अडचणी बहुतेक तिथूनच सुरू होतात. लोक घरातून निघायची वेळ ठरवतात, पण माथ्यावर पोहोचायची वेळ ठरवत नाहीत. मग भर दुपारच्या धुरकट उजेडात वर पोहोचतात, काही दिसत नाही, दहा मिनिटांत फोटो काढून खाली धावतात. किंवा उलट होतं: सूर्यास्त पाहत बसतात आणि सगळा उतार अंधारात उतरतात.

म्हणून इथे सगळं नियोजन माथ्यापासून मागे येतं. आधी वर किती वाजता असायचं ते ठरवा, मग बाकीच्या वेळा मोजा. आणि माथा हा वाटेचा मध्य आहे, शेवट नव्हे, हे पक्कं धरा.

१. वाट निवडताना आधी चढ बघा, मग अंतर

"फक्त सहा किलोमीटर" या माहितीचा एकट्याने काही उपयोग नाही. त्यात किती मीटर चढायचं आहे हे कळलं तरच वाट कळते. चढाला अंतराने भागा. एका बाजूच्या तीन किलोमीटरमध्ये तीनशे मीटर चढ असेल तर सरासरी १० टक्के, म्हणजे सवय नसलेल्यालाही जमेल असा. २० टक्क्यांना चांगलाच दम लागतो. ३० टक्क्यांच्या पुढे पायऱ्या, खडक किंवा घसारा (सुट्या खड्या-मातीचा उतार) येणार आणि हातही वापरावे लागणार, असं धरून चाला.

सरासरीवर मात्र विसंबू नका. पहिले दोन किलोमीटर सपाट आणि सगळा चढ शेवटच्या एका किलोमीटरमध्ये, अशा वाटा पुष्कळ असतात. हे नकाशावरच्या समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून दिसतं. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. लगतच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक १० मीटरचा असेल आणि वाटेच्या एका सेंटिमीटरमध्ये पाच रेषा ओलांडल्या जात असतील, तर २५० मीटरमध्ये ५० मीटर चढ, म्हणजे तो तुकडा २० टक्क्यांचा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे कडा आहे. रेषांची टोकं वरच्या, उंच बाजूला वळलेली दिसली तर ती घळ किंवा ओढा. खालच्या बाजूला फुगलेली असतील तर ती डोंगराची सोंड. चांगली वाट बहुधा सोंडेवरून चढते, कारण तिथे पाणी साचत नाही आणि पुढचं-मागचं दिसत राहतं.

पहिल्यांदा जात असाल तर त्याच वाटेने परत येणारी वाट घ्या. उतरताना काय येणार आहे हे आधीच माहीत असतं आणि कुठल्याही वळणावरून मागे फिरता येतं. गोल फिरून येणारी वाट असेल तर तीव्र बाजूने चढा आणि सौम्य बाजूने उतरा. तीव्र उतारावर घसरण्याचा धोका आणि गुडघ्यांवरचा भार दोन्ही जास्त.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या: वाटेत एका किंवा दोन्ही बाजूंना खोल दरी असलेला अरुंद भाग आहे का? ज्यांना दृष्टीभय आहे, म्हणजे खोल दरी दिसली की भीती वाटते, त्यांच्यासाठी अशी वीस मीटरची पट्टी अख्ख्या चढापेक्षा अवघड ठरते. बरोबरच्या माणसांना घरीच स्पष्ट विचारा. अर्ध्यावर गेल्यावर "काही होत नाही, चल" म्हणून कुणाला पुढे ओढणं चुकीचं आहे. घाबरलेला माणूस अंग डोंगराकडे झुकवतो, त्याच्या बुटाची पकड सुटते, आणि तो खरोखर घसरतो.

२. माथ्यावरची वेळ: उजेड, हवा आणि दिशा

देखाव्याची जागा कुठल्या दिशेला उघडते ते नकाशावर बघा. सकाळी सूर्य पूर्वेला असतो, त्यामुळे पश्चिमेकडचा मुलूख समोरून उजळतो आणि बारकावे दिसतात. संध्याकाळी पूर्वेकडचा. सूर्याकडे तोंड करून पाहिलं तर हवेतली धूळ आणि बाष्प चमकतं आणि दूरचं सगळं पांढुरकं होतं. मात्र एकामागे एक डोंगररांगांच्या निळ्या थरांसाठी हाच उजेड चांगला. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावल्या नाहीशा होतात आणि दऱ्या-सोंडा एकाच पातळीत चेपल्यासारख्या दिसतात. डोंगराचा आकार उठून दिसतो तो तिरप्या उजेडात, म्हणजे सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या दीड-दोन तासांत.

हवेची गोष्टही वेळेशी बांधलेली आहे. पाऊस पडून गेल्यावर हवेतली धूळ खाली बसते, म्हणून पावसानंतरची पहिली कोरडी सकाळ सगळ्यात स्वच्छ. जमीन तापू लागली की गरम हवा धूळ आणि बाष्प वर उचलते आणि दुपारपर्यंत क्षितिज पुसट होतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड, जड हवा दरीत उतरून बसते आणि तिथे धुकं धरतं. वर हवा त्यापेक्षा उबदार असते. अशा पहाटे पायथ्याशी दाट धुकं पाहून लोक परत जातात, आणि नेमकी तेव्हाच वर ढगांच्या समुद्रावर डोंगरांची टोकं निघालेली असतात. धुक्याचा थर पायाखाली आणि सूर्य पाठीशी असेल तर धुक्यावर आपली सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं दिसतं. मराठीत त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते पाहण्यासाठी सूर्य खाली असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, कड्याजवळ असायला हवं.

किती दूरचं दिसेल? आजूबाजूच्या सपाटीपासून तुम्ही जितके मीटर उंच आहात त्याचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. येईल ते क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये. १०० मीटरवरून जवळपास ३६ किलोमीटर, ४०० मीटरवरून ७१. उंची चौपट झाली तर अंतर दुप्पट होतं. पलीकडे उंच शिखर असेल तर त्याचं टोक क्षितिजाच्याही पुढून डोकावतं. पण हे झालं भूमितीचं. प्रत्यक्षात मर्यादा घालते ती हवाच. म्हणून उंची वाढवण्यापेक्षा वेळ बदला. त्याच जागेवरून दुसऱ्या उजेडात निराळाच मुलूख दिसतो.

३. तिथून मागे मोजा

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला हिशेब आजही वापरात आहे. मेट्रिक मापात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. म्हणजे दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं. हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. सवय नसलेल्यांनी येणाऱ्या वेळेत पाव भाग वाढवावा, लहान मुलं बरोबर असतील तर निम्मा. उतरायला चढापेक्षा कमी वेळ लागतो हे खरं, पण तीव्र उतारावर ते खरं राहत नाही. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगमुअर यांनी या नियमाला जोडलेल्या दुरुस्तीत बारा अंशांपेक्षा तीव्र उतार असेल तर दर तीनशे मीटर उताराला दहा मिनिटं *वाढवायला* सांगितली आहेत. घसारा किंवा ओले दगड असतील तर उताराला चढाइतकाच वेळ धरा.

एक उदाहरण पूर्ण करू. एका बाजूने तीन किलोमीटर, चढ ३६० मीटर, तीच वाट परत.

चढ: अंतराची ३६ मिनिटं अधिक चढाची ३६, मिळून ७२. पाव भाग वाढवून ९० मिनिटं. वाटेतल्या थांब्यांची २० मिनिटं. एकूण एक तास पन्नास मिनिटं.
माथ्यावर: ४० मिनिटं.
उतार: ३६ मिनिटं, पाव भाग वाढवून ४५.

आता समजा सूर्यास्त साडेसहाला आहे आणि तुम्हाला संध्याकाळचा तिरपा उजेड हवा आहे. खाली सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, म्हणजे सहाला पोहोचायचं. मग माथा सव्वापाचला सोडायचा, चार पस्तीसला वर असायचं, आणि पायथ्यापासून पावणेतीनला निघायचं. सव्वापाच ही परत फिरायची वेळ. त्या वेळी माथा वीस मिनिटांवर असला तरी तिथून मागे फिरायचं. ही वेळ पायथ्याशीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. वर गेल्यावर "आता एवढ्यासाठी कुठे परत जायचं" हे वाटतंच, आणि त्या क्षणी ठरवलेलं बहुतेक वेळा चुकतं.

वाटेत उजेडाचा अंदाज घ्यायला हात पुरतो. हात ताठ समोर धरला की बंद मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून क्षितिज आणि सूर्य यांच्यात एक मूठ असेल तर किमान चाळीस मिनिटं आहेत. विषुववृत्तापासून दूर थोडी जास्त. पण डोंगरात क्षितिज म्हणजे पश्चिमेची धार. सूर्य तिच्यामागे गेला की वाटेवर सावली आणि गारठा लगेच येतो, आणि झाडीत अंधार मोकळ्या माळापेक्षा लवकर पडतो.

४. हवामान

उंचीगणिक तापमान सरासरी दर हजार मीटरला ६.५ अंश सेल्सियसने उतरतं, म्हणजे चारशे मीटर चढलात तर अडीच अंश. हे काही फार नाही. खरा फरक पाडतो वारा. तापमान १० अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते ६ अंशांसारखं लागतं, आणि अंगातला सदरा घामाने ओला असेल तर त्याहून वाईट. पायथ्याशी पान हलत नसलं तरी धारेवर वारा असू शकतो. म्हणून अंदाज पाहताना फक्त पाऊस बघू नका. वाऱ्याचा वेग आणि झोत बघा.

गडगडाटी ढगांच्या मोसमात संध्याकाळचा बेत सोडा आणि सकाळी जा, कारण हे ढग जमीन तापल्यावर, दुपारनंतर चढतात. कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत उंच वाढणारा ढग दिसला तर तो डोक्यावर यायची वाट पाहू नका. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा; तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही टप्प्यात आहात. धार, माथा, एकटं झाड, रेलिंग सोडून लगेच खाली उतरा. उथळ गुहेच्या तोंडाशी किंवा कपारीखाली बसू नका. जमिनीवरून वाहणारा प्रवाह अशा फटी ओलांडताना माणसातून जातो. उतरता येत नसेल तर एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं जाईपर्यंत पुन्हा वर चढायचं नाही.

५. पायात काय, सॅकमध्ये काय

बूट सगळ्यात महत्त्वाचे. तळाला खोल खाचा हव्यात. पाऊल पुढे सरकवून टाचेमागे एक बोट जाईल इतकी जागा हवी, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. बूट संध्याकाळी घालून पाहा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नवे बूट आधी दोन-तीनदा रोजच्या चालण्यात वापरा. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. जुन्या, कपाटात पडून राहिलेल्या बुटांचे तळ वाटेतच सुटून येतात. निघण्याच्या आदल्या दिवशी बूट हाताने वाकवून तळाची कड तपासा.

सॅक पंधरा ते वीस लिटरची पुरते. आत:

- पाणी: चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा लिटर, उन्हात पाऊण ते एक. वरच्या सव्वातीन तासांच्या वाटेला दोन लिटर. वाटेतला झरा नकाशावर असला तरी हिशेबात धरू नका.
- खाणं: थोडं गोड, थोडं खारट, न शिजवता खाता येईल असं. तीन तासांपुरतं हवं असेल तर चार-पाच तासांपुरतं घ्या.
- वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट, आणि एक उबदार थर. ऊन असलं तरी.
- हेडलँप आणि जास्तीचे सेल. मोबाईलचा उजेड याला पर्याय नाही: एक हात अडकतो, आणि मदतीला फोन करायची बॅटरी तोच खातो.
- शिट्टी. सॅकच्या आत नको, पट्ट्याला बांधा.
- चिकटपट्टी, जखमेची स्वच्छ पट्टी, ताणपट्टी, नेहमीची औषधं.
- कचऱ्यासाठी पिशवी, टोपी, उन्हाचं मलम.

नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवा, आणि फोन विमान मोडवर टाका. कमकुवत रेंजमध्ये फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी संपते; उपग्रहावरून जागा शोधण्याला मात्र रेंज लागत नाही. थंडीत फोन अंगालगतच्या खिशात ठेवा. छापील नकाशा बरोबर असेल तर उत्तम.

काठ्या असल्या तर सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी धरा. लांब चढावर पाच-दहा सेंटिमीटर आखूड, उतारावर तेवढीच लांब.

६. पायथ्याशी दहा मिनिटं

घरी राहणाऱ्या एका माणसाला तीन गोष्टी लेखी कळवा: कोणती वाट, किती जण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची. ही शेवटची वेळ परतीच्या वेळेपेक्षा दीड-दोन तास पुढची ठेवा. पायथ्याच्या फलकाचा फोटो काढा; वाट बंद असल्याची सूचना, खुणांचे रंग आणि मदतीचा क्रमांक बहुधा तिथेच असतात. नाड्या चढासाठी घोट्याशी थोड्या सैल ठेवा. आणि थोडं गारठल्यासारखं वाटतंय अशा कपड्यांत निघा. दहा मिनिटांत अंग तापतं.

७. चढ

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. बहुतेक जण इथेच दम घालवतात, कारण पाय ताजे असतात आणि मंडळी पुढे धावत असतात. वेग बरोबर आहे का हे बोलून कळतं: न थांबता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक, दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत असेल तर सावकाश. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला तर बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोहोचताच निघतात, म्हणजे विश्रांतीची ज्याला गरज त्यालाच ती मिळत नाही.

पावलं लहान टाका, चढ वाढला तर आणखी लहान. वेग बदलायचा तो पावलाच्या लांबीने, श्वासाची लय मोडून नव्हे. चवड्यावर चढलात तर पोटऱ्या लवकर भरून येतात. शक्य तिथे पूर्ण तळवा टेकवा. फार तीव्र भागात मागचा पाय गुडघ्यात सरळ करून क्षणभर भार हाडावर द्या, मग पुढचं पाऊल. मोठ्या दगडावर एकदम चढण्यापेक्षा बाजूच्या दोन लहान टप्प्यांनी जा. उभ्यानेच एक-दोन मिनिटांचे थांबे घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाचेक मिनिटं बसा. त्याहून लांब बसलात तर अंग थंड होतं आणि पुन्हा सुरुवात जड जाते. तहान लागायच्या आधी दोन-दोन घोट पाणी.

पायात कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथे थांबून मोजा काढा आणि कोरड्या कातडीवर चिकटपट्टी लावा. "वर गेल्यावर बघू" म्हटलं की वर फोड तयार असतो.

नागमोडी वळणं कापून सरळ वर चढू नका. पाच-सात मीटर वाचवणारी ती चोरवाट पुढच्या पावसात पाण्याचा पाट होते, माती वाहून जाते, आणि दोन-तीन मोसमांत मूळची वाटही खचते. चिखल असला तरी वाटेच्या मधून चाला. कडेने गेलात तर वाट रुंदावत जाते. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ओझ्याची जनावरं आली तर डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीही नाही.

आणि प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा. परतताना हीच वाट उलटी दिसते, आणि चढताना लक्षातही न आलेली दुसरी वाट उतरताना जास्त रुंद, जास्त सरळ वाटते. फाट्याचा एक फोटो मागच्या दिशेने काढून ठेवा.

८. वाट चुकली असं वाटलं तर

पंधरा मिनिटांत एकही खूण दिसली नाही, वाट झुडपांत विरत गेली, किंवा शेणाचे पो आणि खुरांचे ठसे दिसताहेत पण बुटाचा ठसा एकही नाही, तर बहुधा तुम्ही ढोरवाटेला लागलात. थांबा. बसा. पाणी प्या. मग शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत आल्या पावली परत जा. "इथूनच पुढे कुठेतरी मिळेल" म्हणून आडवं कापत जाणं ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

सगळ्यात धोक्याचा मोह म्हणजे ओढ्याने किंवा घळीने खाली उतरणं. पाणी खालीच जातं हे खरं, पण ते कड्यावरून उडी मारून जातं. घळ उतरत गेलं की गुळगुळीत खडक, मग एक टप्पा, मग त्याहून मोठा टप्पा, आणि शेवटी अशी जागा जिथून खाली जाता येत नाही आणि मागे चढताही येत नाही. मागची वाट सापडत नसेल तर सोंडेवर, मोकळ्या जागी थांबा, सगळे एकत्र राहा आणि मदतीचा संकेत द्या.

९. माथ्यावर

पहिलं काम जाकीट घालणं. बसण्याच्या आधी, थंडी वाजण्याच्या आधी. ओल्या पाठीवर वारा लागला की पाच मिनिटांत अंग गारठतं आणि देखावा सोडून खाली पळावंसं वाटतं.

दुसरं, कड्याची कड कुठे आहे ते दुरून पाहून घ्या. गवताळ कड बऱ्याचदा खालून पोकळ असते, माती पावसाने सुटलेली असते, आणि वरून ते कळत नाही. बर्फात हाच धोका दरीवर पुढे आलेल्या बर्फाच्या छज्ज्याचा. कडेपासून दोन-तीन मीटर आत उभे राहा; वारा झोत मारत असेल तर बसा. खाली डोकवायचंच असेल तर पक्क्या खडकावर पालथं पडून, सॅक काढून. रेलिंगला टेकू नका. चालताना मोबाईलच्या पडद्यातून पाहू नका आणि फोटोसाठी मागे सरकू नका. पाय थांबले की मगच कॅमेरा. कड्याच्या पोटात मधमाश्यांची पोळी असू शकतात: धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका. कड कुठे आहे याचं भान ठेवून तोंड झाकून लांब निघून जा.

आता बघायला बसा. निदान चाळीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं डोळे सगळीकडे धावतात आणि काहीच धरत नाहीत. नकाशा उत्तरेकडे जुळवा, एक ओळखीची खूण पकडा: जलाशय, नदीचं वळण, मनोरा. तिथून कोन मोजत पुढे सरका. ताठ हातावर करंगळीची रुंदी सुमारे एक अंश, मधली तीन बोटं पाच, मूठ दहा. नकाशावर त्या खुणेपासून उजवीकडे वीस अंशांवर शिखर असेल तर ते प्रत्यक्षात दोन मुठींवर सापडतं. करंगळीमागे झाकली जाणारी वस्तू दहा किलोमीटरवर असेल तर ती अंदाजे १७५ मीटर रुंद आहे. अशी पाच-सहा नावं लागली की समोरचा पसारा नकाशासारखा वाचता येऊ लागतो: आपण कुठल्या सोंडेने आलो, पाणी कुठल्या बाजूला वाहतं, दोन खोऱ्यांमधला दुवा कोणती खिंड आहे.

दुर्बीण न्यायची तर ८×३२ चांगली: आठपट जवळ, ३२ मिलिमीटर भिंग, आणि हलकी. दहापटीच्या पुढे हाताची थरथरच जास्त दिसते. कोपरं गुडघ्यांवर टेकवून बघा, आणि सूर्याकडे ती कधीही वळवू नका.

फोटोसाठी आधी भिंग पुसा. चढताना त्यावर घामाची बोटं लागलेली असतात. उजेडाचं माप पडद्यावरच्या आकाशावर बोट ठेवून घ्या, नाहीतर ढग पांढरेफटक येतात. जवळचा एखादा दगड, फांदी किंवा माणूस चौकटीत ठेवा, म्हणजे दरीची खोली कळते. सलग रुंद चित्रासाठी फोन उभा धरा.

१०. उतार

पाय मुरगळतो, गुडघा दुखतो, माणूस घसरतो, ते बहुतेक इथेच. कारण साधं आहे: उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, ते चढाने आधीच थकलेले असतात, आणि "झालं आता" म्हणून लक्षही सुटलेलं असतं.

निघण्याआधी नाड्या पुन्हा बांधा: बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. हेडलँप खिशात घ्या. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, भार पायांच्या बरोबर वर. घसाऱ्यावर भीतीने मागे झुकायला होतं, पण त्याने भार टाचेच्या मागे जातो आणि पाय पुढे निसटतो. अंग थोडं पुढेच ठेवा आणि पूर्ण तळवा टेकवा. सुट्या खड्यांपेक्षा रुतलेला दगड बघून पाऊल टाका. ओली मुळं, ओल्या लाकडी पायऱ्या आणि शेवाळलेला सपाट कातळ, या तिन्हींवर चांगल्या बुटाचीही पकड राहत नाही. शक्य असेल तर त्यांना ओलांडून पलीकडे पाय टाका. उंच टप्पा आला तर डोंगराकडे तोंड करून शिडी उतरतात तसे उतरा. तीव्र भागात दोघांमध्ये अंतर ठेवा, कुणाच्या थेट वर उभे राहू नका, आणि पायाखालून दगड सुटला तर लगेच "दगड!" म्हणून ओरडा.

११. काही बिघडलंच तर

घोटा मुरगळला आणि चालतच खाली यायचं असेल तर बूट काढू नका. सूज आली की तो परत चढत नाही, आणि बूट हाच आधार असतो. बुटावरूनच ताणपट्टी बांधा, त्याची सॅक वाटून घ्या. पायावर चार पावलंही भार देता येत नसेल तर हाड मोडलं असं समजून मदत मागवा.

माणूस थरथरतोय, शब्द अडखळताहेत, हातातून वस्तू सुटतेय: शरीराचं तापमान उतरतंय. वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली सॅक किंवा दोर घाला, शुद्धीवर असेल तर गोड काहीतरी द्या. याच्या उलट, उन्हात डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू झालं तर सावली, पाणी, क्षार आणि विश्रांती. तो असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात. अंग ओलं करून वारा घाला आणि एकही मिनिट न दवडता मदत बोलवा.

बोलण्याइतकी रेंज नसली तरी संदेश जाऊ शकतो, म्हणून जागा, जखमींची संख्या आणि काय झालंय हे तीन ओळींत लिहून पाठवा. डोंगरातला मदतीचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा प्रकाशाचे सहा झोत, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तसंच. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. उत्तर आल्यावरही थांबू नका. शोधणारे आवाजाच्या रोखाने येतात.

खाली पोहोचल्यावर आधी घरच्या त्या माणसाला फोन करा, मगच बूट सोडा. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात आणि त्या आपोआप सुटतात. तेव्हा अगदी पडून न राहता थोडं चाला. दुखणं गुडघ्याच्या सांध्यात असेल आणि आठवडाभर टिकलं तर मात्र पुढची वाट डॉक्टरांना दाखवल्यानंतरच ठरवा.